बासरीवादकाची मिश्र कारकीर्द

शास्त्रीय बासरीवादकाची मिश्र कारकीर्द म्हणजे एकाच वादकानं रागदारीची सोलो मैफल, संतूर किंवा व्हायोलिनसोबत जुगलबंदी, कथकची साथ, भावगीतं, सिनेमाचं रेकॉर्डिंग, फ्युजन असं सगळंच वाजवत जाणं. तसं हे सतारवाल्यांनी केलं, तबलावाल्यांनी तर भरपूरच केलं, पण बासरीवाल्यांसाठी हा जोडधंदा नाही, बहुतेकांचा पोटापाण्याचा रस्ताच तिथून जातो. नागपुरात तर जास्तच, कारण इथं निव्वळ सोलो बासरीवर वर्षभर घर चालवणं अवघडच.

"शास्त्रीय सोडून हे काय वाजवून राहिला" म्हणणारे रसिक प्रत्येक सभागृहात दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत सापडतातच. पण गंमत अशी की मैफलीची बासरीच मुळात सिनेमात काम करणाऱ्या माणसानं घडवली. पन्नालाल घोष (१९११–१९६०) मूळचे बारीसालचे, १९४० मध्ये मुंबईत आले, 'बसंत' (१९४२) या सिनेमाला संगीतकार म्हणून त्यांचं नाव आहे, आणि मैहर घराण्याचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे ते शिकायला लागले ते त्यानंतर, १९४७ मध्ये. छोट्या बासरीत ख्यालाचा ठेहराव येत नव्हता म्हणून त्यांनी ३२ इंचांपर्यंत लांब बासरी वापरात आणली, मंद्रातला (खालच्या सप्तकातला) तीव्र मध्यम मिळावा म्हणून सातवं भोक पाडलं, शेवटची वर्षं दिल्ली आकाशवाणीच्या वाद्यवृंदात काढली. म्हणजे सिनेमा, ऑर्केस्ट्रा आणि राग हे सगळं एकाच माणसात, आणि त्यातूनच आज आपण ज्याला शुद्ध म्हणतो ते वाद्य तयार झालं.

पं. हरिप्रसाद चौरसियांचं (जन्म १९३८, अलाहाबाद) तर विचारूच नका. १९५७ ला कटक आकाशवाणीत नोकरी, मग मुंबई, स्टुडिओत जोरात काम सुरू, आणि एवढं चाललेलं असताना अन्नपूर्णादेवींकडे (अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या कन्या) जाऊन नव्यानं शिकायला बसले, उजव्या बाजूला धरायची बासरी डावीकडे धरून परत सुरुवात केली. हे जे करू शकतात त्यांनाच सगळीकडे वाजवायचा हक्क आहे असं माझं मत, बाकीच्यांनी आधी रियाज करावा. १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' हा अल्बम (शिवकुमार शर्मा संतूरवर, ब्रिजभूषण काबरा गिटारवर), 'सिलसिला' (१९८१) पासून 'डर' (१९९३) पर्यंत शिवकुमार शर्मांसोबत शिव-हरी या नावानं दिलेलं सिनेसंगीत, १९८७ ला झाकीर हुसेन, जॉन मॅक्लॉफ्लिन आणि यान गार्बारेक यांच्यासोबतचा अल्बम 'मेकिंग म्युझिक', आणि यात कुठेही रागदारीची मैफल थांबली नाही. २००० मध्ये पद्मविभूषण मिळालं. पुतणे राकेश चौरसिया यांना २०२४ मध्ये बेला फ्लेक, एडगर मायर आणि झाकीरभाईंसोबत दोन ग्रॅमी मिळाले, तेही फ्युजनसाठीच.

नागपूरची गोष्ट

इथल्या वादकाचं कॅलेंडर बघितलं की लक्षात येतं. आकाशवाणी नागपूर १९४८ पासून आहे, तिथली ऑडिशन पास होऊन ग्रेड मिळाली की कार्डावर छापता येतं. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला, त्यांचा डॉ. वसंतराव देशपांडे स्मृती समारोह म्हणजे गावातली मानाची जागा, पण तिथं लोकल माणसाला सोलो मिळायला अर्धं आयुष्य जातं. बाकी महिने मग सुरेश भटांच्या गझलांचा कार्यक्रम, चिटणवीस सेंटरमधली छोटी बैठक, शाळेचं गॅदरिंग, ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास भीमगीतं, आणि लग्नात वरमालेच्या वेळी सिनेमाची धून. लग्नाचं मानधन बरेचदा मैफलीपेक्षा जास्त असतं, यावर कोणी उघड बोलत नाही पण माहीत सगळ्यांना असतं.

प्रत्येक ठिकाणी हात तेच पण डोकं वेगळं लागतं. मैफलीत यमनची आलापी अर्धा तास करता येते, तर गझलेत गायकाच्या दोन ओळींमधल्या जागेत चार सेकंदांचा तुकडा टाकायचा आणि शब्द सुरू व्हायच्या आत बाजूला व्हायचं, जास्त वाजवलं तर पुढच्या वेळी फोन येत नाही. कथकला नजर तबल्यावर आणि पायांवर, तिहाईच्या (तीनदा म्हणून समेवर संपणाऱ्या तुकड्याच्या) आधी लेहरा (तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी धून) जराही हलला तर नर्तिका तिथंच बघते. स्टुडिओत हेडफोनमध्ये क्लिक (लय दाखवणारा टिकटिक ठोका) वाजत असतो, गाणं आधीच तयार असतं, तुम्हाला आठ मात्रा दिलेल्या असतात आणि संगीतकार म्हणतो "दादा, थोडं उदास द्या".

सगळ्यात त्रास सुरांचा. मैफलीला सहसा पांढरी तीनची (म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला षड्ज असलेली) बासरी, सहाही भोकं बंद केली की मंद्र पंचम, वरची तीन बंद म्हणजे षड्ज, सगळी उघडी म्हणजे तीव्र मध्यम. पण गायक काळी एकमध्ये, गायिका काळी चारमध्ये, म्हणून पिशवीत दहा-बारा बासऱ्या घेऊनच फिरावं लागतं. त्यात कीबोर्ड ४४० हर्ट्झच्या ठरावीक सुराला फिक्स असतो आणि बासरी हवेवर चालते. तापमान वाढलं की स्वर चढतो, थंडीत उतरतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर, ओपन ग्राउंडवर साउंडचेक दुपारी चारला आणि कार्यक्रम रात्री नऊला, म्हणजे दुपारी जुळवलेलं रात्री कामाचं नाही. मग ओठाखाली बासरी किंचित आत फिरवायची की स्वर उतरतो, बाहेर फिरवली की चढतो, आणि हे सगळं गाणं चालू असताना. पियानो वाजवणाऱ्या मित्रांना हे कधीच पटत नाही.

कोरड्या हवेत बांबू तडकतो तो त्रास वेगळाच, म्हणून टोकांना आणि मध्ये दोरा गुंडाळतात, आतून तेल फिरवतात. कूलरसमोर बासरी ठेवणं म्हणजे दमट-कोरडं-दमट असा मार, ते टाळावं. आणि शेजारी गडचिरोली-चंद्रपूरला बांबूचं जंगल असलं तरी त्याचा उपयोग नाही, तिकडचा मानवेल जातीचा बांबू जाड भिंतीचा, बरेचदा आतून जवळपास भरीव असतो, बासरीला पातळ भिंतीचा आणि दोन पेरांमध्ये लांब अंतर असलेला बांबू लागतो जो आसाम किंवा केरळकडून येतो, त्यामुळे नागपूरच्या वादकाची चांगली बासरी बाहेरगावच्या कारागिराकडूनच येते, आणि नवीन पोरांनी ती उन्हाळ्यात मागवू नये, पाऊस पडून हवा जरा ओली झाल्यावर मागवावी.