कांचनजुंगा बेस कॅम्प ट्रेक

नेपाळच्या ईशान्य कोपऱ्यात, ताप्लेजुंग जिल्ह्यातून कांचनजुंगाच्या (८,५८६ मी.) पायथ्यापर्यंत जाणारी पदयात्रा. कांचनजुंगा हे एव्हरेस्ट आणि के-२ नंतरचे जगातले तिसऱ्या क्रमांकाचे शिखर असून ते नेपाळ आणि सिक्कीमच्या सीमेवर उभे आहे. नेपाळच्या बाजूने त्याला दोन तळ आहेत. उत्तरेला कांचनजुंगा हिमनदीच्या काठी पांगपेमा (५,१४३ मी.) आणि दक्षिणेला यालुंग हिमनदीच्या वरच्या अंगाला दुसरा. नुसता ‘बेस कॅम्प’ म्हटले की ट्रेकर बहुधा पांगपेमाच धरतात. शिखरावर चढणारे गिर्यारोहक मात्र आज बहुतेक यालुंगच्या बाजूने जातात. दोन्ही तळ एका फेरीत करायचे तर साधारण तीन आठवडे हाताशी हवेत.

पांगपेमाची उंची एव्हरेस्ट बेस कॅम्पपेक्षा (५,३६४ मी.) कमीच आहे. तरीही हा ट्रेक अधिक अवघड मानला जातो आणि त्याचे कारण उंचीत नाही, अंतरात आहे. एव्हरेस्टच्या वाटेवर लुक्लाला विमानाने उतरता येते, पुढे दर तासा-दोन तासांवर चहाचे दुकान, दवाखाना, बेकरीसुद्धा सापडते. इथे घुन्सा सोडले की दोन मुक्कामांच्या मध्ये काहीही नाही. एखाद्याला बरे वाटेनासे झाले तर खाली आणायला माणसे, दिवस आणि हवामान अशा तिन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात. या वाटेचे नियोजन करताना हे गृहीत धरावे लागते.

ताप्लेजुंगपर्यंत

भारतातून येणाऱ्याला काठमांडूला वळसा घालून यायची गरज भौगोलिकदृष्ट्या नाही. न्यू जलपाईगुडी किंवा बागडोग्राहून पानीटंकीची सीमा ओलांडली की पलीकडे काकरभिट्टा. तिथून झापाचा सपाट मुलूख, इलामचे चहाचे मळे, फिदिम असा डोंगरी रस्ता ताप्लेजुंगला (सुमारे १,८२० मी.) पोहोचतो. काठमांडूहून येणारे भद्रपूरपर्यंत विमानाने येऊन हाच रस्ता धरतात. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. म्हणजे जिथे गाडीतून उतरायचे, तेच गाव त्याच्या माथ्यापेक्षा उंच.

हा भाग परदेशी पदयात्रींसाठी १९८८ मध्ये खुला झाला. तो अजूनही प्रतिबंधित क्षेत्रात मोडतो. परवाना नोंदणीकृत ट्रेकिंग एजन्सीमार्फतच मिळतो आणि सोबत गाइड असावा लागतो. संरक्षित क्षेत्राचे प्रवेशशुल्क वेगळे असते, सार्क देशांच्या नागरिकांना ते कमी पडते.

उत्तरेची वाट

ताप्लेजुंगहून तमोर नदीच्या खोऱ्यात उतरून चिरवामार्गे सेकाथुम गाठायचे. इथून घुन्सा खोला या नदीच्या काठाने वर चढायला सुरुवात होते. खालचा पट्टा उष्ण, दमट आणि भलताच हिरवा आहे. उतारांवर मोठ्या वेलचीच्या बागा दिसतात. ही आपल्या मसाल्यातली काळी वेलची, आणि ताप्लेजुंग हा तिच्या पिकासाठी नेपाळमध्ये नावाजलेला जिल्हा. वस्ती मुख्यत्वे लिंबू समाजाची. पाहुण्याला इथे ‘तोंगबा’ मिळते. लाकडी किंवा बांबूच्या उंच भांड्यात आंबवलेली नाचणी भरतात, वरून कढत पाणी ओततात, जरा वेळ मुरू देतात आणि बांबूच्या नळीने ओढून पितात. संपले की पुन्हा पाणी. त्याच नाचणीवर तीन-चार वेळा पाणी घालता येते. चव सौम्य असली तरी मद्य ते मद्यच, त्यामुळे वरच्या मुक्कामांवर ते टाळलेले बरे.

अमजिलोसा आणि ग्याब्ला ही गावे मागे टाकली की बांबू आणि ऱ्होडोडेंड्रॉनचे रान येते, मग देवदाराच्या जातीची सूचिपर्णी झाडे. फले गावात तिबेटी निर्वासितांची वस्ती आहे. त्यापुढचे घुन्सा (सुमारे ३,४०० मी.) हे या खोऱ्यातले शेवटचे मोठे बारमाही गाव. लाकडी फळ्यांची घरे, छपरांवर दगड ठेवलेले, दारांवर प्रार्थनेच्या पताका. येथे प्रत्येकाने एक दिवस जादा थांबावे. पुढे खांबाचेन (सुमारे ४,१०० मी.), लोनाक (सुमारे ४,७८० मी.) आणि शेवटी पांगपेमा.

खांबाचेनच्या अलीकडे दरडीचा एक लांब पट्टा आडवा पार करावा लागतो. वरून दगड सुटतात, त्यामुळे तो सकाळी लवकर, अंतर राखून आणि न थांबता ओलांडतात. फोटोसाठी थांबायची जागा ती नव्हे. लोनाकहून पुढची वाट हिमनदीच्या कडेच्या हिमोढावरून, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधावरून, जाते. हिमनदी म्हणताच पांढरेशुभ्र बर्फ डोळ्यांपुढे येते, पण इथे नजरेला पडतो तो राखाडी दगडगोट्यांचा, अधूनमधून खचलेला पसारा. बर्फ त्याच्या खाली असते. या उतारांवर निळ्या मेंढ्या, म्हणजे स्थानिक भाषेत ‘नाऊर’, चरताना हमखास दिसतात. त्यांच्या मागावरचा हिमबिबट्या दिसणे हा नशिबाचा भाग.

गंमत अशी की ज्या शिखरासाठी एवढे चालायचे ते वाटेवर जवळपास कुठेच दिसत नाही. खोऱ्याची वळणे आणि मधल्या डोंगरधारा त्याला झाकून ठेवतात. पांगपेमा जवळ आल्यावरच उत्तरेची भिंत समोर उभी राहते. त्याआधी कितीतरी दिवस सोबत असते ती दुसऱ्याच पर्वताची.

कुंभकर्ण

जन्नू या नावाने गिर्यारोहकांना ठाऊक असलेले हे शिखर ७,७१० मीटर उंच आहे. लिंबू लोक त्याला फक्तांगलुंग म्हणतात आणि पवित्र मानतात. या खोऱ्यातल्या गावपालिकेचे नावही तेच आहे. खांबाचेनहून एका दिवसात त्याच्या उत्तर भिंतीच्या पायथ्याला जाऊन येता येते. वेळेअभावी हा दिवस गाळणारे पुष्कळ. तो गाळू नये, एक म्हणजे दृश्यासाठी, आणि दुसरे म्हणजे उंचीची सवय व्हायला याहून चांगली संधी पुढे मिळत नाही. शिखरावर पहिली चढाई १९६२ मध्ये फ्रेंचांनी केली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तीन अमेरिकी गिर्यारोहकांनी उत्तर भिंत अल्पाइन शैलीत, म्हणजे आधी दोर-छावण्या न लावता एकाच दमात, पार केली.

खिंडी आणि दक्षिण तळ

उत्तरेकडून दक्षिणेकडे जायला घुन्साहून सेले ला आणि मग सिनिओन ला, मिर्गिन ला, सिनेलाप्चे ला अशा ओळीने लागणाऱ्या खिंडी ओलांडाव्या लागतात. सर्वांत उंच खिंड ४,६०० मीटरच्या आसपास आहे. त्यानंतर चेरामपर्यंत (सुमारे ३,८७० मी.) गुडघ्यांची परीक्षा पाहणारा उतार. ताजे बर्फ पडले तर खिंडी बंद होतात आणि आल्या वाटेने परत फिरावे लागते. म्हणून वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवलेले असावेत. चेरामहून रामचे आणि पुढे ओक्तांग (सुमारे ४,७३० मी.) या ठिकाणापर्यंत यालुंग हिमनदीच्या कडेने जाता येते. बहुतेक ट्रेकर ओक्तांगहूनच दक्षिण भिंत पाहून फिरतात. गिर्यारोहकांचा खरा तळ त्याच्याही पुढे, हिमनदीवरून गेल्यावर लागतो.

उंची

पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. शरीर याला जुळवून घेते, पण आपल्या वेगाने. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा वैद्यकीय सल्ला आहे. या वाटेवर तो पाळणे सोपे नाही. घुन्सा ते खांबाचेन आणि खांबाचेन ते लोनाक, दोन्ही टप्पे जवळपास ७०० मीटरचे आहेत आणि मध्ये मुक्कामाला जागा नाही. म्हणून घुन्सा आणि खांबाचेन या दोन्ही ठिकाणी जादा दिवस घेतात. पांगपेमाला तर बहुतेक जण झोपतच नाहीत. लोनाकहून पहाटे निघून तळ पाहून त्याच दिवशी परततात.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही विरळ हवेच्या आजाराची पहिली लक्षणे. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले तर मेंदूला सूज येत असावी. बसल्या जागी दम लागला, खोकल्यातून फेस आला तर फुफ्फुसांत पाणी. दोन्हींवर पहिला उपाय एकच, ताबडतोब खाली उतरवणे. डायमॉक्स या गोळीने सवय लवकर होते, मात्र ती डॉक्टरांना विचारून घ्यावी.

सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्या मंडळींची इथे एक ठरलेली फसगत होते. एका दिवसात दोन किल्ले करणारे पाय इथेही तेवढेच भक्कम असतात, पण तंदुरुस्ती हा आजार टाळत नाही. उलट दमदार माणूस भराभर वर जातो आणि आधी आडवा पडतो. गाइडचे ‘बिस्तारै, बिस्तारै’, म्हणजे सावकाश, कानाआड न करणारे सुखरूप वर पोहोचतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे हे ट्रेकचे दोन हंगाम. पूर्व नेपाळला पाऊस आधी गाठतो आणि उशिरा सोडतो. शिवाय शरद ऋतूत बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांवर लक्ष ठेवावे लागते. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये हुदहुद वादळाच्या शेपटाने नेपाळमध्येच अन्नपूर्णा परिसरात हिमवृष्टी होऊन ४० हून अधिक माणसे दगावली होती.

भरिया आणि मुक्काम

सामान वाहणाऱ्याला नेपाळीत ‘भरिया’ म्हणतात. बांबूची निमुळती टोपली म्हणजे डोको, तिचा पट्टा म्हणजे नाम्लो, आणि तो खांद्यावर नव्हे तर कपाळावर घेतलेला. हातात टी आकाराची आखूड काठी असते. दम खायचा तर ओझे उतरवत नाहीत. काठी डोकोखाली टेकवून उभ्याउभ्याच विसावतात, कारण खाली ठेवलेले ओझे पुन्हा उचलणे चढण्यापेक्षा महाग पडते. एका भरियावर ३० किलोंपेक्षा जास्त भार नसावा आणि त्याच्या गरम कपड्यांची व विम्याची सोय एजन्सीने केलेली असावी, हे निघण्याआधी विचारून घेणे पदयात्रीचे काम आहे.

मुक्कामाची घरे साधी आहेत. जेवणात दालभात, बटाटे, ढिंडो (पीठ शिजवून केलेला घट्ट गोळा). वर जाल तसे स्वयंपाकघर याकच्या शेणींवर चालते आणि सगळे पाहुणे चुलीभोवतीच बसतात. रोख नेपाळी रुपये ताप्लेजुंगहूनच पुरेसे घ्यावेत.

इतिहास

ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८४८ च्या अखेरीस दार्जिलिंगहून तमोर खोऱ्यात आला होता. १८९९ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक डग्लस फ्रेशफील्डने पर्वताला पूर्ण प्रदक्षिणा घातली. सोबत छायाचित्रकार व्हित्तोरिओ सेला होता. १९०५ मध्ये यालुंगच्या बाजूने झालेल्या पहिल्या चढाईच्या प्रयत्नात हिमस्खलन होऊन स्विस गिर्यारोहक अलेक्सिस पाश आणि तीन भरिया मेले. १९३० मध्ये डायरेनफुर्थच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेने उत्तरेकडून प्रयत्न केला. बर्फाचा कडा कोसळून चेतन शेर्पा मरण पावल्यावर तो सोडून द्यावा लागला.

शिखर अखेर २५ मे १९५५ रोजी सर झाले. चार्ल्स इव्हान्सच्या नेतृत्वाखालच्या ब्रिटिश मोहिमेतले जो ब्राउन आणि जॉर्ज बँड यालुंगकडून वर पोहोचले, पण माथ्यापाशीच थांबले. सिक्कीमच्या लोकांसाठी हा पर्वत देव आहे, तेव्हा शिखराचा माथा तुडवणार नाही, असा शब्द इव्हान्सने दिला होता. पुढच्या अनेक मोहिमांनी तो पाळला. १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याने सिक्कीमच्या बाजूने चढाई केली. आता त्या बाजूने शिखरावर चढायला बंदी आहे. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेत १५ मे २०१९ रोजी दहा गिर्यारोहक नेपाळकडून शिखरावर पोहोचले.

संरक्षण आणि रस्ते

१९९७ मध्ये हा २,०३५ चौ. किमीचा प्रदेश कांचनजुंगा संरक्षण क्षेत्र म्हणून जाहीर झाला. २००६ मध्ये त्याचे व्यवस्थापन स्थानिक समित्यांच्या हाती दिले गेले. या हस्तांतराच्या कार्यक्रमाहून परतणारे हेलिकॉप्टर २३ सप्टेंबर २००६ रोजी घुन्साजवळ कोसळले आणि त्यातले सर्व २४ जण ठार झाले. त्यांत नेपाळच्या निसर्गसंवर्धनाची धुरा वाहणारी आघाडीची माणसे होती. तरीही समित्यांनी काम सुरू ठेवले. सीमेपलीकडचे सिक्कीममधले खांगचेंडझोंगा राष्ट्रीय उद्यान २०१६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

अलीकडे जीपचे कच्चे रस्ते तमोर खोऱ्यात सेकाथुमच्या परिसरापर्यंत सरकले आहेत. वेलची उत्पादकांची आणि आजाऱ्यांची त्याने मोठी सोय झाली. ट्रेकच्या दृष्टीने मात्र खालचे चालायचे दिवस गळाले आणि एजन्सींची वेळापत्रके आखडली. वाचलेले दिवस घुन्सा आणि खांबाचेनला खर्च केले तर हरकत नाही, पण जाहिरातींत ते बहुधा सरळ कापलेलेच असतात.