जतन केलेल्या ऊतकातील प्रतिरक्षा पेशींची ओळख

फॉर्मॅलिनमध्ये टिकवून पॅराफिन मेणात बसवलेल्या ऊतकातील प्रतिरक्षा पेशी मोनोक्लोनल प्रतिपिंडे (एकाच पेशीच्या वंशातून मिळालेली एकसारखी प्रतिपिंडे) वापरून ओळखण्याचे तंत्र. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री या पद्धतीचा हा एक भाग आहे. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात टी आणि बी लिंफोसाइट सारखेच दिसतात: गोल, गडद केंद्रक आणि भोवती जेमतेम पेशीद्रव्य. त्यांच्यातला फरक प्रथिनांचा असतो आणि तो प्रतिपिंडामुळे डोळ्यांना दिसतो.

१९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतील बी पेशींचा मायलोमा या कर्करोगाच्या सतत वाढणाऱ्या पेशींशी संयोग घडवून हायब्रिडोमा, म्हणजे संकरित पेशी, तयार केले. त्यामुळे प्रतिजनाची (प्रतिपिंड ज्याला चिकटते त्या रेणूची) नेमकी एकच जागा ओळखणारे प्रतिपिंड हवे तितके मिळू लागले. या कामासाठी दोघांना १९८४ चे नोबेल मिळाले. पुढे प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या प्रतिपिंडाला वेगळे नाव देऊ लागली, तेव्हा १९८२ च्या पॅरिस कार्यशाळेपासून एकच प्रथिन ओळखणाऱ्या प्रतिपिंडांसाठी सामायिक सीडी क्रमांक रूढ झाले.

खरी अडचण फॉर्मॅलिनची. ते प्रथिनांमध्ये आडवे बंध निर्माण करते, त्यामुळे पेशींची रचना उत्तम टिकते, पण प्रतिपिंड चिकटण्याची जागा झाकली जाते किंवा तिचा आकार बदलतो. म्हणून जिवंत पेशींवर उत्तम चालणारे प्रतिपिंड पॅराफिन छेदावर (मेणातील ऊतकाच्या पातळ कापावर) निकामी ठरू शकते. उलट उदाहरणही आहे, आणि ते फार बोलके आहे: एल२६ हे प्रतिपिंड बी पेशींवरील सीडी२० या प्रथिनाचा पेशीच्या आतला भाग ओळखते. अखंड जिवंत पेशीत त्याला शिरकाव नाही, छेदात मात्र ते भरवशाचे आहे. १९९१ मध्ये छेद द्रावणात ठेवून मायक्रोवेव्हमध्ये तापवल्यास झाकलेले प्रतिजन पुन्हा उघडे होतात असे दिसले. इतक्या साध्या उपायाने पूर्वी निरुपयोगी ठरलेली कितीतरी प्रतिपिंडे कामी आली. आज त्यासाठी सायट्रेट किंवा ईडीटीए बफर वापरतात.

साधारण ३ ते ५ मायक्रोमीटर जाडीच्या छेदावर आधी हवी ती खूण ओळखणारे प्रतिपिंड आणि मग त्याला चिकटणारे, पेरॉक्सिडेज विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड लावतात. डीएबी हे रंग देणारे रसायन घातल्यावर हव्या त्या पेशी तपकिरी होतात, बाकीची केंद्रके निळी. टी पेशींसाठी सीडी३, बी पेशींसाठी सीडी२०, बृहत्भक्षी पेशींसाठी सीडी६८, प्लाझ्मा पेशींसाठी सीडी१३८ वापरतात.

अशी एकही खूण पूर्णपणे एकनिष्ठ नाही. काही टी पेशींची खूण असलेले सीडी४ बृहत्भक्षी पेशींवरही असते, सीडी१३८ उपकला पेशींवरही. सीडी२० वर मारा करणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाच्या उपचारानंतर बी-पेशी लिंफोमात (बी पेशींच्या कर्करोगात) सीडी२० दिसेनासे होऊ शकते, मग सीडी७९ए किंवा पॅक्स५ या बी पेशींच्या इतर खुणा पाहाव्या लागतात. म्हणून निदान एका खुणेवर न करता खुणांच्या संचावर करतात. सोबत तुलनेसाठी टॉन्सिलचा छेदही रंगवतात. त्यात बी पेशींचे पुंज आणि त्यांभोवती टी पेशी ठरलेल्या जागी असतात. तिथेच रंग उमटला नाही, तर रुग्णाच्या स्लाइडवरील नकारार्थी निष्कर्ष बाद करून चाचणी पुन्हा लावतात.