उपहासात्मक मुद्राचित्रे

लाकूड, तांबे, दगड किंवा लिनोलियमवर (जमिनीवर अंथरतात त्या जाड, मऊ आवरणावर) चित्र कोरायचे वा रेखाटायचे, शाई लावून त्याच्या शेकडो प्रती काढायच्या आणि राजा, पुरोहित, सावकार, नाहीतर एकूण समाजाचीच टर उडवायची, अशी ही कला. आजचे वर्तमानपत्री व्यंगचित्र तिचेच वारस. हाताने काढलेले एकटे चित्र फार तर दरबारात खळबळ उडवते. छापलेले चित्र बाजारात जाते आणि निरक्षरालाही कळते. राज्यकर्त्यांनी त्याचा धसका घेतला तो यामुळेच.

इंग्लंडमध्ये विल्यम हॉगार्थ (१६९७–१७६४) याने या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याचे ‘जिन लेन’ म्हणजे जिन या दारूची गल्ली (१७५१) हे चित्र खानदेशातल्या वाचकाला फारसे परके वाटू नये. पायऱ्यांवर दारूत तर्र झालेली आई तपकिरीची चिमूट घेण्यात दंग आहे आणि तिच्या हातातून निसटलेले मूल कठड्यावरून खाली कोसळते आहे. गल्लीतली घरे ढासळलेली. धंदा तेजीत आहे तो गहाणवट सावकाराचा. लोक पोटापाण्याची हत्यारे आणि स्वयंपाकाची भांडी त्याच्याकडे घेऊन आलेत. हॉगार्थच्या चित्रांच्या चोरट्या नकला सर्रास निघत. त्याने खटपट केली आणि १७३५ साली मुद्राचित्रांना चौदा वर्षांचे कायदेशीर संरक्षण मिळाले. स्पेनमध्ये फ्रान्सिस्को गोयाने १७९९ मध्ये ‘लॉस काप्रिचोस’ हा ऐंशी चित्रांचा संच काढला. अंधश्रद्धा, जुळवलेली लग्ने, लोभी धर्मगुरू, कुणालाच त्याने सोडले नाही. पण थोड्याच दिवसांत संच विक्रीतून काढून घ्यावा लागला.

तांब्यावरचे काम वेळखाऊ. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलोइस झेनेफेल्डरने शिळामुद्रणाचा शोध लावला आणि तेलकट खडूने दगडावर थेट चित्र काढता येऊ लागले. सकाळच्या बातमीवर लगोलग टोला हाणण्याची सोय झाली, ती इथे. फ्रान्समध्ये ओनोरे दोमिए याने १८३१ साली राजा लुई फिलिपला अवाढव्य पोटाचा राक्षस करून दाखवले. फाटक्या लोकांचा पैसा टोपल्यांनी फळीवरून चढत त्याच्या तोंडात जातो आणि खुर्चीखालून पदव्या नि नेमणुका बाहेर पडतात. दोमिएला सहा महिन्यांची शिक्षा झाली. १८३५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये चित्र छापण्याआधी सरकारची परवानगी सक्तीची केली. मजकुराला मात्र अशी अट नव्हती. चित्राचा वचक किती होता हे यावरून कळावे.

भारतात चित्रकार गगनेंद्रनाथ ठाकूर यांनी ‘विरूप वज्र’ (१९१७) या शिळामुद्रित संचात बंगाली बाबूंचे साहेबी सोंग आणि जातीचा दंभ सोलून काढला. मराठी मुलखात ठाण्याचे ‘हिंदुपंच’ हे पत्र, इंग्रजी ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाची आठवण देणाऱ्या नावापासूनच, विनोदी परंपरेतले. पुण्यात १८७८ साली सुरू झालेल्या चित्रशाळेने मात्र देवादिकांची आणि इतिहासपुरुषांची चित्रे छापली. १९१० च्या प्रेस कायद्यात शब्दांबरोबर खुणा आणि चित्रेही आली. त्यामुळे दैत्यवधाच्या चित्राकडेही, दैत्य म्हणजे इंग्रज असा अर्थ लावून, सरकारला संशयाने पाहता येऊ लागले.

खानदेशात उपहास कागदापेक्षा तोंडावर जास्त खेळला. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या राजाला आणि प्रधानालाही गुंडाळून ठेवतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर बसून सासरच्यांचे वाभाडे अहिराणीतून काढतात. कलेच्या इतिहासात या भागाचे नाव येते ते फैजपूरमुळे. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्याची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी केली, तीही बांबूसारख्या गावठी सामानातून. गांधीजींनी त्या कामाची जाहीर वाखाणणी केली. याच नंदलालांनी १९३० मध्ये दांडीयात्रेचे लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेले चित्र, केले होते: काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषांत काठी टेकत निघालेले गांधीजी. ते उपहासाचे चित्र नव्हे. पण स्वस्त साधन, ठसठशीत रेषा आणि भराभर निघणाऱ्या प्रती, ही हत्यारे तीच.

लिनोकट आजही कलाविद्यालयांत शिकवतात आणि त्याला छापखाना लागत नाही. लिनोलियमचा तुकडा, ‘व्ही’ आणि ‘यू’ आकाराच्या कोरण्या, रोलर, काळी शाई एवढ्यावर भागते. जे कोरून काढले ते कागदावर पांढरे राहते, उरलेले काळे उमटते. कागद वर ठेवून चमच्याच्या पाठीने दाबत घासला की छाप उठतो. फजिती होते ती अक्षरांची. चित्राखाली चार शब्दांचा टोमणा हवा असेल तर तो आरशात दिसावा तसा उलटा कोरावा लागतो. शिरोरेषा दोन्हीकडून सारखीच. नवशिका तिथेच फसतो, आणि सरळ कोरलेला ‘क’ कागदावर तोंड फिरवून बसतो. सराईत कारागीर आधी पातळ कागदावर मजकूर लिहितो, कागद पालथा करून उजेडात धरतो आणि मागून दिसणारी अक्षरे कार्बनने लिनोवर गिरवतो.