पार्श्वभूमी : गिर्यारोहण संस्था आणि नेत्यांचं मानद सदस्यत्व

एखाद्या राजकीय नेत्याला मानद सदस्यत्व देण्याचा ठराव पुण्यातल्या गिर्यारोहण संस्थेपुढे आला की पहिली ठिणगी पक्षावरून पडते. नेता कुठला, निवडणूक किती लांब आहे, कार्यकारिणीत त्याच्या जवळचं कोण, यातच निम्मी सभा जाते. संस्थेच्या घटनेत सदस्यत्वाबद्दल काय लिहिलंय ते फार थोडे उघडून पाहतात.

राजकारणी आणि डोंगर यांची ओळख जुनी आहे. लंडनमध्ये १८५७ साली जगातली पहिली गिर्यारोहण संस्था निघाली, तिथे प्रवेश देताना उमेदवाराने केलेल्या चढाया पाहिल्या जात. इटलीतली संस्था १८६३ ची. मोनविझो शिखर चढून आलेल्या एका माजी अर्थमंत्र्याने ती उभी केली. म्हणजे मंत्री होते, पण स्वतः चढून आलेले. आपल्याकडे १९५४ मध्ये दार्जिलिंगला प्रशिक्षण संस्था सुरू झाली तेव्हा पंतप्रधानच तिचे अध्यक्ष झाले. हा दाखला सभेत हमखास दिला जातो. पण ती संस्था सरकारने काढलेली, आणि पुण्यातल्या संस्था सभासदांच्या वर्गणीवर आणि त्यांच्या रविवारांवर उभ्या राहिलेल्या. दोन्हींना एकच माप लावता येत नाही.

पुण्यात नेत्यांची ये-जा वाढली ती मोठ्या हिमालयीन मोहिमांपासून. २०१२ मध्ये इथल्या एका संस्थेच्या गिर्यारोहकांनी एव्हरेस्ट गाठलं, २०१९ मध्ये एकाच मोहिमेत दहा जण कांचनजुंगावर पोहोचले. अशा मोहिमांचा खर्च वर्गणीत भागत नाही. देणगीदार लागतात, कंपन्या लागतात, आणि कंपनीचं दार उघडायला कोणाचा तरी फोन लागतो. निघताना ध्वजप्रदान, परतल्यावर सत्कार, दोन्ही व्यासपीठांवर नेते दिसू लागले. त्यात वावगं काही नव्हतं. सत्कार संध्याकाळी संपतो आणि संस्था सकाळी पुन्हा आपल्या कामाला लागते.

गरज वाढवली ती सरकारी कागदांनी. साहसी उपक्रमांतल्या अपघातांनंतर नियम हवेत ही मागणी रास्तच होती. पण २०१४ चा शासन निर्णय, त्यावरचे आक्षेप, मग जुलै २०१८ चा दुसरा निर्णय आणि ऑगस्ट २०२१ चं साहसी पर्यटन धोरण, या सगळ्यात हौशी संस्था आणि धंदा म्हणून सहली काढणारे एकाच रांगेत उभे राहिले. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे, जंगलातली वाट वन खात्याची, किल्ला पुरातत्त्वचा, पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश वेगळेच. जुलै २०२५ मध्ये राजगड, लोहगड, शिवनेरीसह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यावर किल्ल्यांकडे राजकारणाचंही लक्ष वाढलं. त्यात महापालिकेत मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता. हाकेच्या अंतरावरचा नगरसेवक नाही म्हटल्यावर साध्या कामालाही आमदार किंवा मंत्री गाठावा लागू लागला. मंत्रालयात आपलं कोणीतरी असावं असं एखाद्या सचिवाला वाटलं, तर मी त्याला दोष देणार नाही.

प्रश्न आहे तो परतफेड सदस्यत्वाने करण्याचा. या संस्था साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ नुसार, नियमाप्रमाणे प्रवेश मिळालेला आणि वर्गणी भरलेला किंवा सदस्यांच्या यादीवर सही केलेला माणूस सदस्य ठरतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकली तर त्याला मत देता येत नाही. आता मानद सदस्य पाहा. त्याला वर्गणीच नाही, त्यामुळे ती थकण्याचाही प्रश्न नाही. समारंभात कौतुकाने नोंदवहीवर सही घेतली आणि घटनेत ‘मानद सदस्याला मताधिकार नाही’ हे वाक्य नसलं, तर त्याला मत आहे की नाही यावर उद्या धर्मादाय आयुक्तांपुढे वाद घालता येईल. एका मताने फारसं बिघडत नाही. पण आज एक नेता, उद्या त्याचा प्रतिस्पर्धी, परवा दोघांचे कार्यकर्ते, असं होत गेलं तर लहान संस्थेच्या सर्वसाधारण सभेचा निकाल किती मतांनी फिरतो हे कोणीही मोजून पाहावं.

आणि सदस्य होणं म्हणजे काय असतं? कॉलेजातली मुलगी पाठीवर चढाईचा दोर घेऊन तैलबैल्याच्या कातळभिंतीपर्यंत चालते. वर चढणारा दुसराच असतो. ती खाली उन्हात उभी राहून बेले देते, म्हणजे चढणारा निसटला तर सावरायला त्याचा दोर धरून असते, मान वर, हात दोरावर, तासन्‌तास. परत आल्यावर दोर धुवून सावलीत वाळवायचा, प्रत्येक कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) मोजून कपाटात ठेवायचा. असं बरंच झाल्यावर तिच्या अर्जावर सूचक आणि अनुमोदकाच्या सह्या होतात, तरी कार्यकारिणी तो लगेच मंजूर करेलच असं नाही. तिच्याच नावाखाली, त्याच वहीत, एका ठरावाने आलेलं नाव मला पटत नाही, मग ते कुठल्याही पक्षाचं असो.

मदत करणाऱ्याचे आभार मानायला ‘आश्रयदाता’ ही जागा आहे, सत्कार आहे, मोहिमेच्या अहवालात पानभर उल्लेख आहे. तरीही मानद सदस्यत्वच द्यायचं असेल तर आधी घटना दुरुस्त करावी : मताधिकार नाही, पदाची मुदत ठरलेली, सभासदांच्या नोंदवहीत नाव नाही. आणि हा ठराव कार्यकारिणीने परस्पर न करता सर्वसाधारण सभेत, गुप्त मतदानाने व्हावा.