शॉर्टफिल्मला ग्रँट हवीये? मग आधी बजेट नि वेळापत्रक नीट करा

कणकवली, मालवण, दापोलीकडची पोरं शॉर्टफिल्म करायला घेतात आणि पहिला प्रश्न सरकारी अनुदानाचा. तर राज्य सरकारची मराठी चित्रपटांसाठी योजना आहे, पण ती पूर्ण लांबीच्या चित्रपटांना आणि तीसुद्धा पिक्चर बनून सेन्सॉर झाल्यावर, समितीने बघून गुण दिले की मग. वीस मिनिटांच्या फिल्मचा तिथे नंबर नाही, त्या फाईलच्या मागे लागू नका.

त्यापेक्षा बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स बघा, कलेच्या कामांना अनुदान देणारी 1993 ची संस्था आहे, अर्जदार भारतीय नागरिक हवा आणि मुख्य म्हणजे प्रपोजल मराठीत लिहिलं तरी चालतं. फक्त 'गोष्ट भारी आहे' एवढ्याने भागत नाही, हा विषय का, तुम्हीच का, आणि करणार कसा हे स्पष्ट हवं.

वेळापत्रकात आपल्याकडचे लोक हमखास गंडतात. मच्छीमारांवर फिल्म आणि शूटिंग जुलैत? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर. दशावतार दाखवायचाय तर जत्रा तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, तेव्हाचं शूट धरा आणि नाट्यमंडळाचं लेखी संमतीपत्र आत्ताच घेऊन जोडा. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथली परवानगी वेगळी, फी वेगळी, बजेटमध्ये टाका. होडीचं भाडं, जनरेटर, युनिटचं जेवणही टाका. कॅमेरा विकत घ्यायचे पैसे मात्र शक्यतो मागू नका, भाड्याचे मागा.

कागद म्हणाल तर सिनॉप्सिस (गोष्टीचा सारांश), ट्रीटमेंट (ती पडद्यावर कशी दाखवणार ते), बायोडेटा, आधीच्या कामाच्या लिंका (पासवर्ड असेल तर तोही द्या, नाहीतर बघणार कोण), आधार, पॅन, कॅन्सल चेक. पॅनवर आणि बँकेत नाव सेम हवं. दुसऱ्याच्या कथेवर फिल्म असेल तर हक्क लेखी घ्या, लेखक मामाच असला तरी.

मुंबईच्या मिफमध्ये (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) 2024 ला डॉक फिल्म बाझार, म्हणजे फिल्मवाले आणि पैसे लावणारे यांना भेटवणारा बाजार, पहिल्यांदा भरला, डॉक्युमेंटरी, शॉर्ट, अ‍ॅनिमेशन असं सगळं तिथे चालतं, निर्माते भेटतात. तिकडे दोन मिनिटांत आपली फिल्म सांगता आली पाहिजे, त्याची तयारी करूनच जा.

आणि मुदत संस्थेच्या वेबसाइटवरच बघा, व्हॉट्सॅपवर जुनी पीडीएफ फिरत असते तिच्यावर विसंबू नका.