नको असलेलं ॲप काढताना त्याचं फोल्डर डिलीट करू नका

दुरुस्तीला येणाऱ्या विंडोज कॉम्प्युटरबरोबर आम्हाला दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. पहिलं, "मी काहीच टाकलं नव्हतं, आपोआप आलं." दुसरं, "मी ते काढलंसुद्धा, पण परत येतंय." पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. तुमचा आणि आमचा वेळ जातो तो दुसऱ्यामुळे, म्हणून हे पत्रक मुख्यतः त्याबद्दल आहे. मशीन आणण्याआधी वाचलंत तर कदाचित आणावंही लागणार नाही.

ही ॲप्स येतात कुठून, ते थोडक्यात सांगतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये कंपनीनेच भरून दिलेली असतात, जसं अँटिव्हायरसची थोड्या दिवसांची ट्रायल किंवा एखादा गेम. काही विंडोज स्वतः आणतं. विंडोज १० च्या स्टार्ट मेनूत न बोलावता येऊन बसलेलं कँडी क्रश अनेकांना आठवत असेल. सगळ्यात जास्त त्रास देणारी मात्र तिसऱ्या वाटेने येतात. पीडीएफ जोडायला किंवा व्हिडिओ उतरवून घ्यायला आपण एखादा फुकटचा प्रोग्राम घेतो, आणि त्याच्या इन्स्टॉलरमध्ये आणखी दोन-तीन पाहुणे लपलेले असतात. 'रेकमेंडेड' किंवा 'एक्सप्रेस' लिहिलेलं बटण दाबलं की त्यांना तुमची परवानगी मिळाली. तिथेच 'कस्टम' किंवा 'ॲडव्हान्स्ड' निवडलंत, तर बरेचदा आधीच टिक करून ठेवलेले चौकोन दिसतात. ते टिक काढून टाका.

आता मूळ मुद्दा. नको असलेलं ॲप दिसलं की बरेच जण डेस्कटॉपवरचा आयकॉन डिलीट करतात. त्याने काही बिघडत नाही, पण काही जातही नाही. तो आयकॉन म्हणजे प्रोग्रामकडे नेणारी नुसती वाट. ज्यांना थोडी जास्त माहिती असते ते सी ड्राइव्हमधलं 'प्रोग्राम फाइल्स' उघडतात, त्या नावाचं फोल्डर शोधतात आणि डिलीट दाबतात. घोटाळा होतो तो इथे.

त्या वेळी काय होतं ते नीट पाहा. विंडोज सांगतं, अमुक फाइल सध्या उघडी आहे, डिलीट करता येत नाही. आपण 'स्किप' दाबतो आणि बाकीच्या फाइली जातात. पण जी उघडी होती ती म्हणजे नेमका चालू असलेला, त्रास देणारा भाग. तो राहिला. अनइन्स्टॉल करणारी फाइल बहुधा त्याच फोल्डरात असते. प्रोग्रामने कुठे काय पसरवलंय आणि ते कसं आवरायचं हे तिला ठाऊक असतं. ती त्या वेळी चालू नसते, त्यामुळे ती मुकाट्याने डिलीट होते. काढायचं ते राहिलं आणि काढणारा गेला.

मग सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करायला गेलात की विंडोज विचारतं, हे बहुधा आधीच काढलेलं आहे, यादीतून नाव काढू का? 'येस' म्हटलं की नाव जातं आणि यादी स्वच्छ दिसते. टास्क शेड्यूलरमध्ये ठरलेल्या वेळी चालणारं काम, मागे गुपचूप चालणारी सर्व्हिस, ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन (त्याला जोडलेला छोटा प्रोग्राम) हे मात्र जागच्या जागी असतं. ॲप परत येतं ते इथूनच.

अशी मशीन आली की बऱ्याचदा आम्ही आधी तोच प्रोग्राम, शक्यतो त्याच व्हर्जनचा, पुन्हा टाकतो. ग्राहक समोर असले तर दचकतात, कारण काढायला आणलेलं आम्ही परत टाकत असतो. पण हरवलेला अनइन्स्टॉलर त्यामुळे परत मिळतो आणि मग त्याच्याकडूनच सगळं आवरून घेता येतं. प्रोग्राम उघडउघड घातक असेल तर हा मार्ग बंद. मग इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरतं चालू करून), एकेक भाग हाताने शोधावा लागतो. वीस मिनिटांचं काम दुपारभर चालतं ते यामुळे, आणि त्याचे पैसे जास्त लागतात तेही यामुळेच.

घरी करायचं असेल तर सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' आणि त्यात 'इन्स्टॉल्ड ॲप्स' उघडा. विंडोज १० मध्ये त्याला 'ॲप्स अँड फीचर्स' म्हणतात. यादी इन्स्टॉलच्या तारखेने लावा आणि त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय आलं ते बघा. एकाच दिवशी आलेली तीन-चार अनोळखी नावं दिसली तर संशय घ्यायला जागा आहे. अपडेट झालेल्या चांगल्या प्रोग्रामचीही तारीख बदलते, तेव्हा नुसत्या तारखेवर जाऊ नका. एक अनइन्स्टॉल करा, पूर्ण होऊ द्या, रीस्टार्ट करा, मग दुसरं. शटडाउन नको, रीस्टार्टच. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. शेवटी ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स आणि सर्च इंजिन तपासा.

कोपऱ्यात सारखे "व्हायरस सापडला" असे मेसेज येत असतील तर ते बहुधा ॲप नसतंच. कुठल्यातरी वेबसाइटला तुम्ही 'अलाऊ' म्हटलेलं असतं. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून ती परवानगी काढा, पाच मिनिटांचं काम आहे. त्या मेसेजवर क्लिक करून मिळणारा 'क्लीनर' मात्र कधीही घेऊ नका.

काही नावं अनोळखी असली तरी हात लावू नका. 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' यादीत वेगवेगळ्या सालांचं चार-पाच वेळा दिसतं. ते दुबार आलेलं नसतं, वेगवेगळ्या प्रोग्रामना वेगवेगळं लागतं. जुनं म्हणून ते उडवल्यावर हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडेनासं झालं, अशी मशीन आमच्याकडे नेहमी येते. 'वेबव्ह्यू २' (इतर ॲप्सना आत वेबपेज दाखवायला लागणारा भाग) आणि 'रिअलटेक' (बहुधा आवाजाचा ड्रायव्हर) यांचंही तसंच.

कंपनीने भरून दिलेली ॲप्स निरुपद्रवी असतात, राहू द्या, असं कोणी म्हणालं तर एक उदाहरण देतो. २०१४ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिराती दाखवणारं ॲप आधीपासून भरलेलं होतं. सुरक्षित वेबसाइटशी चाललेला व्यवहारही ते मधेच उघडू शकत होतं आणि त्यासाठी त्याने विंडोजमध्ये स्वतःचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याची हमी देणारा दाखला) बसवलं होतं. हे २०१५ च्या फेब्रुवारीत उघडकीला आलं. ॲप अनइन्स्टॉल केलं तरी ते सर्टिफिकेट मागे राहायचं, ते वेगळं काढावं लागलं. म्हणून नवी मशीन आमच्याकडे सेटअपला आली की आम्ही ॲप्स काढून थांबत नाही, मागे काय उरलं तेही तपासतो. विंडोज सिक्युरिटीमधलं नको असलेली ॲप्स अडवणारं सेटिंग चालू आहे का ते बघतो आणि काय काढलं, काय ठेवलं याची यादी लिहून देतो. ती जपून ठेवा, पुढच्या वेळी तुमचं-आमचं निम्मं काम वाचतं.

एखादं ॲप अनइन्स्टॉल होतच नसेल तर तिथेच थांबा आणि मशीन तशीच आणा. येताना स्क्रीनवर आलेल्या एररचा फोटो काढून आणा आणि कुठले प्रोग्राम तुम्हाला रोज लागतात ते कागदावर लिहा. आम्ही ते विचारल्याशिवाय कामाला हात लावत नाही.