दाणा दाखवणं (कोंबड्याचं प्रियाराधन)

कोंबड्याला खाण्यासारखं काही सापडलं की तो ते गिळत नाही, चोचीने उचलतो, खाली टाकतो, परत उचलतो, मान खालीवर करत 'टुक टुक टुक' असा लयीत आवाज काढतो आणि कोंबडी धावत येऊन तो दाणा खाते, कधी थेट त्याच्या चोचीतूनच घेते. याला दाणा दाखवणं म्हणतात, अभ्यासकांचा शब्द 'टिडबिटिंग'. त्यानंतर नर मादीवर चढायचा प्रयत्न करतो, पण दर वेळी नाही. परसात कोंबड्या पाळणाऱ्यांच्या हे रोजच्या बघण्यातलं आहे, म्हणून वर्णन इथेच थांबवतो.

ही सवय आली कुठून यावर मात एक नाही. एक मत असं की मुळात हे पिल्लं चारणं आहे: खुडूक बसून पिल्लं काढलेली कोंबडी अशीच दाणा उचलून टाकते आणि जवळपास तसाच आवाज काढून पिल्लांना बोलावते, तेच वागणं नराने मादीसाठी उचललं. दुसरं मत असं की हे मनातल्या ओढाताणीतून सुटलेलं टोचणं आहे, कारण झुंजणारे कोंबडेही मध्येच थांबून जमिनीवर चोच मारतात, हल्ला करू की पळू अशा अवस्थेत. हे दुसरं मत विसाव्या शतकाच्या मध्याला बरंच चालायचं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1950 च्या दशकात कोंबडा, त्याच्याच कुळातले फेझंट आणि हिमालयातला मोनाल, आणि मोर हे ओळीने ठेवून पाहिले, तेव्हा कोंबडा खरोखर दाणा देतो, पुढे नुसतं वाकणं आणि पिसारा पसरणं वाढत जातं आणि मोराकडे दाणा उरतच नाही, फक्त ठरीव नाच उरतो. ही ओळ म्हणजे वंशावळ नव्हे, आज जगणाऱ्या जातींची तुलना आहे, तरी मला स्वतःला पिल्लं चारण्याचं मत जास्त पटतं, कारण आवाजाचं इतकं साम्य निव्वळ टोचण्यातून येणं अवघड वाटतं. 1971 मध्ये अॅलन स्टोक्स यांनी रानकोंबड्यावर केलेलं कामही याच बाजूला झुकतं.

आवाजाचा अर्थ काय हा प्रश्न पुढचा. पीटर मार्लर आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये दाखवलं की आवडता खाऊ, म्हणजे अळ्या वगैरे, मिळाला की नर जास्त बोलावतो, कोंबडी समोर असेल तर आणखी जास्त, आणि दुसरा नर असेल तर गप्प राहतो. खायला न येणाऱ्या वस्तूवरही तो कधी कधी बोलावतो, कोंबडी लांब असली तर विशेषकरून, आणि याला फसवणूक म्हणायचं का यावर अजून वाद घालता येईल. 1999 मध्ये ख्रिस आणि लिंडा इव्हान्स यांनी नुसता रेकॉर्ड केलेला आवाज वाजवला तर कोंबड्या खाली बघून दाणा शोधायला लागल्या, म्हणजे आवाजातच 'इथे खाऊ आहे' असं काही आहे. 2007 च्या त्यांच्याच कामात, ज्या कोंबड्यांना आधीच मका मिळाला होता त्या आवाज ऐकूनही शोधायला गेल्या नाहीत. आवाजाला खरोखर अर्थ असतो याचा मला हा पुरावा सगळ्यात भक्कम वाटतो. 2011 मध्ये दिसलं की कळपातल्या दबदब्यात खालच्या पायरीचे नर वरचा नर जवळ असला की आवाज गाळून नुसती मान हलवतात, कारण आवाज काढला तर मार पडतो!

तरुण नरांवर लिहिलेलं कमी आहे. साधारण चार-पाच महिन्यांच्या आसपास त्यांचं प्रियाराधन सुरू होतं, पण जात आणि खाणं यावर वय बरंच बदलतं. सुरुवातीला ते मागे धावून मानेची पिसं धरतात, दाणा दाखवून लगेच स्वतःच खाऊन टाकतात, एक पंख खाली सोडून अर्धगोल फेरी मारायची तीही अर्धवटच मारतात, आणि वयस्क कोंबड्या त्यांना टोचून हाकलतात. कोंबडी तयार असली तर खाली बसते, नसली तर पळते. रानटी बनलेल्या कोंबड्यांवरच्या 2000 मधल्या कामात असंही आढळलं की खालच्या पायरीच्या नराने जबरदस्ती केली तर कोंबडी त्याचं बरंचसं वीर्य बाहेर टाकून देते.